तिसऱ्या घरातला कॅपो

मी एक जुना कॅपो आहे, एवढे सांगितले की ऐकणाऱ्यांपैकी निम्मे जण "म्हणजे काय?" असे विचारतात, आणि उरलेले निम्मे "अच्छा, तो गिटारचा चिमटा!" असे म्हणून मोकळे होतात. मित्रांनो, पहिल्या निम्म्यांवर माझा मुळीच राग नाही. न ठाऊक असणे हा दोष नव्हे. दुसऱ्या निम्म्यांशी मात्र माझे जुने भांडण आहे. चिमट्याने दोरीवरचे कपडे धरून ठेवतात, फार तर निखारा उचलतात. एखाद्या चिमट्याने गाण्याची पट्टी बदललेली तुम्ही कधी पाहिली आहे काय?

माझे काम आधी समजून घ्या, म्हणजे पुढची हकीकत समजेल. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. दोन पट्ट्यांमधल्या जागेला वादक फ्रेट म्हणतात. माझ्या धन्याच्या पत्नी तिला "घर" म्हणत, आणि तोच शब्द मला अधिक बरा वाटतो. मी ज्या घरात बसतो, तिथे सहाही तारा एकदम दाबून धरतो. त्यामुळे तारांची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. एक घर पुढे म्हणजे अर्धा स्वर वर. वादकाची बोटे आपले ओळखीचे आकार तसेच धरतात. गाणे तेच राहते, उंची तेवढी निराळी होते. काही विद्वान म्हणतात की, ज्याला गाण्याच्या सगळ्या पट्ट्यांतले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे आकार, बसवण्याचा कंटाळा आहे, तोच कॅपो लावतो. त्यांना मी एवढेच विचारीन, की माळ्यावरचा डबा काढताना शिडी घेणाऱ्याला तुम्ही आळशी म्हणता का?

आणखी एक कबुली आरंभीच देतो. मला स्वस्थता ठाऊक नाही. माझ्या पोटात स्प्रिंग आहे. मानेवर बसलो की ती मला मिटून धरते, उतरलो की माझे दोन्ही ओठ एकमेकांवर दाबून धरते. काम असो वा नसो, ती क्षणभरही सैल पडत नाही. एका घरात जीव रमू लागतो न लागतो, तोच कोणीतरी मला उचलून दुसऱ्या घरात बसवतो. तुमच्यातल्या काहींना रात्री पाय हलवल्याशिवाय झोप येत नाही ना? माझे सारे आयुष्य तसे गेले.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका गाळ्यात झाला. वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात ओतले, कानशीने कडा घासल्या, स्प्रिंग बसवली, तारांना ओरखडा पडू नये म्हणून तोंडात काळे रबर चिकटवले. शेवटी पाठीवर एका दूरदेशीच्या कंपनीसारखे दिसणारे नाव उमटवले, त्यात मुद्दाम एक अक्षर कमी. त्या देशाचे आकाशही मी पाहिलेले नाही. खोटेपणाचा पहिला ठसा माझ्यावर असा जन्मताच बसला. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पुढे जे घडले, त्यात हा ठसा मला वारंवार आठवला, एवढेच.

बारा वर्षांपूर्वी श्री. चिंतामणी यांनी मला विकत घेतले. ते अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात अधिकारी होते आणि बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहत. सिंधी दुकानदाराने मला काचेवर ठेवले आणि म्हणाला, "साईं, आँख बंद करके ले जाओ. ओरिजिनल है."

चिंतामणींनी माझ्या पाठीवरचे नाव चष्मा कपाळावर सरकवून वाचले. "ओरिजिनलचं स्पेलिंग तरी ओरिजिनल ठेवायचं की हो!"

"अरे साईं, स्पेलिंग से थोडे ही बजता है!"

मला वाटते, माझ्यासंबंधी आजवर कोणी बोललेले सर्वांत न्याय्य वाक्य हेच.

चिंतामणींनी मला आपल्यासाठी घेतले नव्हते. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई गात, आणि त्यांच्या गाण्याची पट्टी होती काळी पाच. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारा ज्या पट्टीला आपला "सा" धरतो, ती त्याची पट्टी. तरुणपणी गुरूंनी कुमुदिनीबाईंच्या हाती एक सूरपेटी दिली होती. सूरपेटी म्हणजे भाता हलवला की एकच सूर धरून राहणारी लहानशी पेटी. तिच्यावर बोट ठेवून गुरू म्हणाले होते, "ही काळी पाच. हे तुझं घर." बाईंनी ते शब्द चाळीस वर्षे जपले होते. आपली पट्टी त्या अशी सांगत, जशी काही माणसे आपले गाव सांगतात.

आता गिटारवाल्यांचा हिशेब पाहा. गिटारवर ज्याला जी म्हणतात, त्यालाच पेटीवाले पांढरी पाच म्हणतात. तिथून तीन अर्धे स्वर वर गेले की काळी पाच येते. म्हणून चिंतामणी बोटांनी सोपा जीचा आकार धरीत आणि मला तिसऱ्या घरात बसवीत. हे तिसरे घर माझे झाले. दर गुरुवारी दुपारी सोसायटीच्या आठ-दहा बायका बाईंच्या दिवाणखान्यात जमत. साथीला टाळ आणि गिटार, दुसरे काही नाही. सुरुवात करण्यापूर्वी बाई विचारीत, "अहो, तिसऱ्या घरात आहे ना?"

"आहे."

मग त्या उजव्या हाताचे बोट मला लावीत आणि ते बोट आपल्या कपाळाला टेकवीत. वाद्याला नमस्कार करण्याची त्यांची ती रीत होती. माझ्यासारख्या नकली नावाच्या जिनसेला नमस्कार! त्या क्षणापुरती माझी स्प्रिंगसुद्धा शांत होत असे, असे मला वाटते. त्या वर्षांत माझे कौतुक झाले, मऊ कापडाने मला पुसले गेले, आणि माझे घर मला ठाऊक होते.

मग साडेचार वर्षांपूर्वी बाईंना खोकला झाला. दोन महिने तो हटला नाही. तो गेला तेव्हा जाताना आवाजाचा वरचा मजलाही घेऊन गेला. बाईंची एक लाडकी भूपाळी होती. तिच्या अंतऱ्यात आवाज वरच्या गंधारापर्यंत चढतो आणि तिथे क्षणभर थांबतो. त्या गुरुवारी आवाज तिथे चढला आणि फाटला. बायकांनी पाण्याचा पेला पुढे केला. बाई हसल्या, पण त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी घरात कोणी नसताना चिंतामणींनी गिटार मांडीवर घेतली आणि सहाही खुंट्या थोड्या थोड्या उलट्या पिळल्या. सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरल्या. नंतर त्यांनी मला उचलले आणि तिसऱ्याच घरात बसवले. एका मिस्त्रीने पायाखालची जमीन हळूच खाली न्यावी आणि वर फलक मात्र जुन्याच उंचीचा ठेवावा, तसे ते काम होते. त्याच आठवड्यात ते सूरपेटी पिशवीत घालून कॅम्प एकला पेटी दुरुस्त करणाऱ्या कैलासकडे ठेवून आले. घरी येऊन म्हणाले, "भाता फाटलाय. वेळ लागेल म्हणतो."

गुरुवारी बाईंनी विचारले, "तिसऱ्या घरात आहे ना?"

"आहे."

बोट मला लागले, कपाळाला टेकले. भूपाळी वरच्या गंधारापर्यंत गेली आणि तिथे स्थिरावली.

तुम्ही म्हणाल, जन्मभर गाणाऱ्या बाईला एवढे कळले नाही? आक्षेप रास्त आहे, पण तो पुरता विचार करून घेतलेला नाही. कान सुरांमधले नाते ऐकतो. ज्याला "सा" मानाल, त्याच्याशी बाकीच्यांचे नाते जुळले की कान तृप्त होतो. आधार म्हणून धरलेला सूरच कोणी सरकवला, तर ते सांगू शकणारे कान लाखात एखादेच. शिवाय बाई आजारातून उठल्या होत्या आणि त्यांना गंधार हवा होता. हव्या असलेल्या गोष्टीची कोणी झडती घेत नाही.

पुढच्या वर्षी आवाज आणखी उतरला, तारा आणखी अर्ध्या स्वराने उतरल्या. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा अर्धा स्वर. सैल तारा माझ्या तोंडात खडखडू लागल्या, म्हणून चिंतामणींनी जाड तारा आणल्या. आता हिशेब करा, मित्रांनो. त्यांनी तीन अर्धे स्वर खाली उतरवले होते आणि मी तीन अर्धे स्वर वर चढवीत होतो. म्हणजे मी नसतो आणि गिटार सरळ लावलेली असती, तरी नेमका तोच सूर निघाला असता. माझ्या कामाची बेरीज शून्य होती. मी तिथे केवळ दिसण्यासाठी बसलो होतो.

मग मी बोललो का नाही? मला कंठ नाही, हे उत्तर सोपे आहे आणि अप्रामाणिक आहे. सत्य उघड झाले असते, तर त्या घरात माझी गरज उरली नसती. मला ते ठाऊक होते. म्हणून मी तिसरे घर घट्ट धरून राहिलो आणि आतून तळमळत राहिलो.

तरीही, एखाद्या माणसाचे मन राखण्यासाठी केलेला हा डाव इतका वाईट नव्हता, असे मीच मला समजावीत होतो. ती समजूत संजीवनीने मोडली.

संजीवनी विठ्ठलवाडीची, बस डेपोमागच्या चाळीत राहणारी. तिला घरी सासऱ्यांची जुनी पेटी होती. तारा पहिल्यांदा उतरल्या, त्याच वर्षी ती गुरुवारी येऊ लागली होती. "बाईंची पट्टी काळी पाच" असे तिला कोणीतरी सांगितले, तेव्हा आठवडाभर घरच्या पेटीवर तिने भूपाळी काळी पाचला घोटली. आली आणि डोळे मिटून, गिटारची वाट न पाहता, सुरुवात केली. मी वाजलो, आणि दोन सूर एकमेकांवर आदळले.

"संजीवनी, चढलीस," बाई म्हणाल्या.

"ताई, मी घरी पेटीवरच बसवलं. काळी पाचच धरली."

"मग पेटी बिघडली असेल तुझी. इथं गिटार वाजतेय ती ऐकू येत नाही का? चांगली अर्ध्या स्वरानं वर आहेस."

"अगं, डेपोच्या हॉर्नवर लावला असेल हिनं सूर," सोसायटीतल्या अंजनाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

संजीवनीही हसली. दुसऱ्यांदा तिने गिटारवर कान ठेवून सुरुवात केली, पण आवाज चाचपडत होता. जिना उतरताना पायरी आहे की नाही हे पायाने तपासावे, तसा. चिंतामणी त्या वेळी माझ्याकडे पाहत होते. मीही, मला डोळे असते तर, त्यांच्याकडेच पाहिले असते. आम्हा दोघांनाच ठाऊक होते, की खोलीत एकच बाई सुरात होती आणि तिलाच बेसूर ठरवले गेले होते. त्यानंतर तीन गुरुवार ती आली. चौथ्या गुरुवारी आली नाही.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. सोसायटीच्या मैदानावर दिवाळी पहाटेचा कार्यक्रम ठरला. फलकावर बाईंचे नाव मोठ्या अक्षरांत आले. समितीचे तरुण सेक्रेटरी सुजित म्हणाले, "काकू, या वेळी पेटी पाहिजेच. नुसती गिटार म्हणजे कॉलेजचा ग्रुप वाटतो हो." पेटीसाठी कैलास ठरला. चिंतामणींनी त्याला फोन करून बजावले, "पांढरी पाचला वाजव, आणि पट्टीचं नाव तोंडातून काढू नकोस."

"काका, लफडं काय आहे?"

"काही नाही. सांगतो तेवढं कर."

मनुष्य सगळ्या दारांना कड्या घालतो आणि जी खिडकी स्वतःच उघडली, ती विसरतो. तालमीच्या दिवशी कैलास आला, पेटी खाली ठेवली, आणि खांद्यावरच्या पिशवीतून दुसरी एक लहान पेटी काढून बाईंसमोर धरली.

"काकू, ही तुमची सूरपेटी. चार वर्षं झाली, काका येतो येतो बोलले, आलेच नाही. मी बोललो, आता जातोच आहे तर घेऊनच जाऊ. धूळ काढली, एकदम टकाटक आहे."

बाईंचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला. "भाता किती फाटला होता रे?"

"भाता? भाता कुठं फाटला होता? काय नाय झालेलं. काका बोलले, राहू दे तुझ्याकडं."

बाईंनी पतीकडे पाहिले. चिंतामणी खुंटीशी काही करीत होते, ज्याची काहीच आवश्यकता नव्हती. बाईंनी सूरपेटी मांडीवर घेतली आणि भाता हलवला. काळी पाच खोलीत भरली.

"अहो, वाजवा."

चिंतामणींनी तारा छेडल्या. मी तिसऱ्या घरात होतो. दोन सूर एकाच खोलीत उभे राहिले आणि एकमेकांना ओळखीनात.

"पेटी चढलीय," चिंतामणी म्हणाले.

"काका, आतली सुराची पत्ती, पितळ आहे ते," कैलास अगदी हळू म्हणाला. त्याला आता सगळे उमगले होते. "ते उतरेल एक वेळ. आपोआप चढेल कसं?"

"कैलास, तू थांब. अहो, कधीपासून?"

चिंतामणींनी मान खाली घातली आणि एकेक अर्धा स्वर सांगितला. खोकल्याच्या वर्षी पहिला. मग दुसरा. मग तिसरा. बाईंनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"संजीवनीला मी चढलीस म्हणाले, तेव्हा किती उतरवलं होतं?"

"अर्धा."

"म्हणजे ती बरोबर होती."

चिंतामणींनी मान वर केली.

"तुला वाईट वाटलं असतं, कुमुद."

"वाटलं असतं. आठ दिवस रडले असते. नवव्या दिवशी भूपाळी खालच्या पट्टीत बसवायला घेतली असती. माझे आठ दिवस वाचवलेत तुम्ही, आणि त्या मुलीची तीन वर्षं घालवलीत. आणि ते माझ्या तोंडून!"

"काकू," कैलास म्हणाला, "मी चहा टाकू का?"

"टाक. साखर डब्यात आहे. अहो, तारा चढवा. जिथं असायला हव्यात तिथं."

मला उतरवण्यात आले. एकेक तार वर चढू लागली. जाड तारा कुरकुरल्या, एक तर तुटते की काय असे वाटले. मग मला पुन्हा तिसऱ्या घरात बसवले. चार वर्षांनी मी पहिल्यांदाच खरी काळी पाच देत होतो, आणि मला भीती वाटत होती. बाईंनी भूपाळी सुरू केली. अंतरा आला. गंधाराच्या तोंडाशी आवाज चिरला. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा चिरला. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा आवाज आला.

तेव्हा बाई उठल्या, त्यांनी मला दोन बोटांनी दाबून मानेवरून काढले आणि आपल्या पर्समध्ये टाकले. "मी गाणार की नाही, ते मी परवा सांगेन," एवढेच त्या म्हणाल्या.

पर्समध्ये मी किल्ल्यांशेजारी, खोकल्याच्या गोळ्यांखाली पडून राहिलो. मानेवरून उतरवलेला कॅपो म्हणजे काय, हे मला प्रथमच कळले. मला कुठे नेत आहेत, फेकून देण्यासाठी की परत करण्यासाठी, याचा अंदाज बांधीत मी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी पर्स उघडली, ती विठ्ठलवाडीला, संजीवनीच्या दारात. आत चकल्या तळल्याचा वास होता. संजीवनीच्या हातांना पीठ होते.

"ताई? तुम्ही? या ना. पण बसायला जागा नाय बघा, ऑर्डर आहे."

बाई उभ्याच राहिल्या. त्यांनी मला तळहातावर ठेवले आणि सगळे सांगितले, एकही शब्द न वगळता. संजीवनीने झारा खाली ठेवला, गॅस बंद केला.

"तीन वर्षं मी गायले नाय, ताई. अंघोळ करतानासुद्धा नाय. पोरी हसल्या त्याचं काय नाय वाटलं, आमच्या चाळीत रोज हसतात एकमेकींना. पण मला वाटलं, माझ्या कानातच खोट आहे. कानावरचा भरवसा गेला, की माणूस तोंड कसं उघडणार?"

"तुझा कान बरोबर होता. हे सांगायला आले."

"इथं सांगितलंत. इथं कोण ऐकतं? ह्या चकल्या?" संजीवनीने कढईकडे हात केला. "त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात, ताई. अंजनाताईंसमोर. तसंच सांगाल?"

बाईंची मूठ माझ्यावर मिटली. सगळ्यांसमोर सांगायचे म्हणजे दुहेरी कबुली: मी चुकले, आणि माझा आवाज उतरला. पहिली त्यांनी कदाचित सहज दिली असती. दुसरी त्यांना चार वर्षांत नवऱ्यानेही दिली नव्हती, आणि त्यांनी स्वतःही घेतली नव्हती.

"तू ये," बाई एवढेच म्हणाल्या.

"बघते. पाच किलो बाकी आहेत अजून."

दिवाळी पहाटेला मैदानावर खुर्च्या भरल्या होत्या. उटण्याचा वास होता, मुले पेंगत होती. मंचावर चिंतामणी सरळ लावलेली गिटार घेऊन बसले होते, कैलास पेटी घेऊन. मी बाईंच्या मुठीत होतो. त्यांचे डोळे खुर्च्यांवरून फिरत होते. ध्वनिक्षेपकासमोर त्या इतका वेळ गप्प राहिल्या, की सुजितना बिघाड झाला असे वाटून ते तार तपासायला धावले. मी मुठीत घामाने निसटू लागलो. माझी स्प्रिंग त्यांच्या बोटात रुतत होती, आणि त्या सोडत नव्हत्या.

शेवटी, अगदी मागे, डब्यांची पिशवी हातात घेतलेली एक बाई उभी राहिलेली दिसली.

बाईंनी मला वर धरले. "हा चिमटा पाहिलात?"

मित्रांनो, त्या दिवशी मला चिमटा म्हटल्याचे वाईट वाटले नाही.

"हा गिटारवर तिसऱ्या घरात असतो, म्हणून मी काळी पाचला गाते असं मी तुम्हाला सांगत आले. चार वर्षं ते खरं नव्हतं. माझा आवाज उतरलाय. आज मी पांढरी पाचला गाणार आहे, ह्याच्याशिवाय. आणि तीन वर्षांपूर्वी माझ्या घरी मी संजीवनीला चढलीस म्हणाले, तेव्हा अंजना, तू होतीस, तुम्ही सगळ्या होतात. ती सुरात होती. उतरलेली मी होते."

अंजनाबाईंनी पदर सारखा केला आणि पायांकडे पाहिले. चिंतामणींनी उघड्या तारांवर जीचा आकार धरला. आकार तोच होता. बाई गाऊ लागल्या. मी मुठीत होतो, निकामी, आणि सगळे मला त्यांच्या हाडांतून ऐकू येत होते. अंतरा आला तशी मूठ आवळली. आवाज गंधारावर गेला, आणि तिथे थांबला, जितका वेळ थांबायचे होते तितका. मग मूठ उघडली. माझ्या कडांचे वळ त्यांच्या तळव्यावर उमटले होते.

टाळ्या संपण्याआधीच त्या म्हणाल्या, "संजीवनी, ये."

"ताई, हातांना तेल आहे!" मागून आवाज आला, आणि लोक हसले. या वेळचे हसणे निराळे होते.

ती आली, पिशवी मंचाच्या कडेला ठेवून, पदराला हात पुसत. बाईंनी मला स्वतःच्या हाताने तिसऱ्या घरात बसवले. "काळी पाच," त्या कैलासला म्हणाल्या. त्याने भाता उघडण्यासाठी हात लावला. चिंतामणींची बोटे तारांवर आली. पण आम्हा कोणाचीच वेळ आली नाही. संजीवनीने डोळे मिटले होते, आणि कोणाचाही सूर न मागता तिने आपला "सा" लावला. मग पेटी आली, मग गिटार आली, आणि आम्ही दोघे येऊन तिच्या सुराला मिळालो. कुठेही काही आदळले नाही.

त्या पहाटेनंतर माझे तिसरे घर गेले. बाई गातात तेव्हा मी सूरपेटीवर पडून असतो. संजीवनी गुरुवारी येते तेव्हा मला बोलावणे येते. कधी कोणाच्या गळ्यासाठी पहिले घर, कधी पाचवे. चिंतामणी आता मला लावण्यापूर्वी तारा मोठ्याने वाजवून दाखवतात, आणि बाई न विचारताच मान डोलावतात. त्यांच्यात अजून गुरुवारखेरीज गाण्याविषयी फारसे बोलणे होत नाही. ते होईल, असे मला वाटते. माझ्या तोंडातल्या रबरावर सहा तारांचे खोल चरे पडले आहेत आणि स्प्रिंग अजूनही शांत बसू देत नाही.

मित्रांनो, एखादा कॅपो तुमच्या हाती आला, तर दोन गोष्टी करा. वाजवून झाले की त्याला मानेवर तसाच विसरू नका. मान वाकते, रबर कुजते, तारा बेसूर होतात. आणि कोणत्याही घरात बसवण्याआधी तारा सरळ लावा. पहिल्या घरात ठेवा, सातव्यात ठेवा, नाहीतर काढून बाजूला ठेवा, माझी तक्रार असणार नाही. मी जिथे बसेन, तिथला सूर तेवढा खरा असू द्या, कारण मागच्या रांगेत कोणीतरी आपल्याच कानाला दोष देत उभे असेल.